चौथ्या गाण्याची घाई

तीर्थस्वरूप मामांना,

कार्ट्याचा (हा शब्द आईचा) साष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे असं विचारत नाही. आईने फोनवर रडत रडत सगळं सांगितलं. मामी उशाशी बसून हे वाचून दाखवत असेल तर तिलाही नमस्कार, आणि मधली वाक्यं गाळू नकोस म्हणावं.

आमच्या रेगे बँडचा (जमैकाचं संगीत, आडनाव नव्हे) अल्बम एकदाचा निघाला. तळघरातल्या स्टुडिओत, भिंतींना गाद्या ठोकून, पंखा बंद ठेवून (पंख्याचा आवाज येतो, घामाचा येत नाही) आम्ही नऊ गाणी केली. ऊन, समुद्र, सगळा आनंदीआनंद! पेपरातल्या समीक्षकाने एका शब्दात निकाल लावला: संथ. दुकानदाराने प्रती पायपुसण्यांच्या शेजारी मांडल्या. म्हटलं, झालं, बुडालो. तर त्यातली एक शववाहिकेच्या ड्रायव्हरने स्वस्तात मिळते म्हणून उचलली, गाडीत लावली आणि अंत्ययात्रेच्या वेळी बंद करायला विसरला. शवपेटी खांद्यावर घेतलेल्या चौघांची पावलं म्हणे आपोआप जुळली. तेव्हापासून इथलं प्रत्येक मयत आमच्या तालावर निघतं. लोक रडता रडता माना डोलावतात. आमचा गायक रस्त्यात दिसला की म्हातारी माणसं पलीकडच्या फुटपाथवर जातात. एवढं नाव कमावलं बघा तुमच्या भाच्याने.

घोळ फक्त चौथ्या गाण्यात आहे. तिथे मी ड्रम्सवर घाई करतो (शिकवताना तुम्ही टपल्या मारमारून सांगितलंत, पण टाळकं माझंच ना!). परवा नेमकं तेच लागलं, खांदेकऱ्यांची पावलं चुकली आणि एक वजनदार ठेकेदार खाली आपटता आपटता वाचला. वाचला म्हणजे, कळलं तुम्हाला. त्याच्या बायकोने मला चारचौघांत झापलं, "जन्मभर धावला हो तो, आता तरी त्याला सावकाश जाऊ द्यायचं होतंत!"

मामा, तुम्हाला हसवायला लिहायला बसलो, पण मला फार भीती वाटते आहे.

तुमचा,
भाचा

ता. क. तुम्ही अल्बम मागवलात. पण 'ऐकायला नको, मला नेतील त्या दिवशी लावा' असं मामीला म्हणालात म्हणे. मग नाही पाठवत जा. काय रागवायचं ते रागवा.

आणखी एक. चौथं गाणं पुन्हा करायचं ठरलंय. स्टुडिओ पुढच्या महिन्यात मिळेल. ड्रम्सशेजारी तुमची खुर्ची ठेवतो. टपली मारायला तुम्हीच हवात, दुसऱ्या कुणाच्या हाताने माझा ताल सुधारायचा नाही. तोवर, मामा, तुम्ही घाई करू नका.