फोटोत मला बसवताना

प्रिय आई,

तुझ्या पंचाहत्तरीचं स्क्रॅपबुक झालं. कात्री नाही, डिंक नाही, सगळं कॉम्प्युटरवर. धाकट्याने तुझ्या कपाटातला फोटोंचा खोका माझ्याकडे आणून टाकला आणि वर म्हणाला, तायडे, तुला वेळ असतो. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून लोकांचे नंबर तपासणाऱ्या बाईला वेळ असतो हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. पण घेतलं अंगावर. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी हेच शिकवते, तिच्याकडे नाव घातलं. पहिल्या दिवशी मी माउस असा दोन बोटांच्या चिमटीत धरला की ती म्हणाली, काकू, तो चावत नाही.

तिने सांगितलं, सुरुवातीलाच सगळा खोका उपसू नका. थोडे फोटो घ्या, नीट पुसून स्कॅन करा, वर्षावर्षाचे फोल्डर करा, मग एकेका पानावर एकच प्रसंग मांडा. बाबांची सवय तुला ठाऊक आहे, प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने महिना आणि साल. त्यामुळे काम सोपं झालं. तुमचं लग्न, मी पाळण्यात, मी शाळेच्या गणवेशात, कपाळावर भलीमोठी बट. मग धाकट्याचा जन्म. त्याच्यापुढच्या काही फोल्डरांत मी नव्हते. ते साहजिकच होतं, मी मावशीकडे होते. पण त्या फोल्डरांत तू होतीस, आई.

मला पाठवलंस तेव्हा तू आजारी होतीस. निदान मला तसं सांगितलं होतं. बाळंतपणाने तू खंगलीस, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, चार महिन्यांनी बाबा न्यायला येतील. दुसरीत गेलेली मी सातवीत परत आले. मधली सगळी वर्षं झोपताना मी तुझ्यासाठी प्रार्थना करायची. मावशी शेजारी पडून ऐकायची आणि माझ्या अंगावर पांघरूण ओढायची. तू बरी व्हावीस म्हणून मी एकदा महिनाभर गोड सोडलं होतं. त्याच महिन्याच्या एका फोटोत तू समुद्रावर आहेस. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, धाकटा कडेवर, लाट अंगावर येतेय आणि तू खदखदून हसते आहेस. पुढच्या फोटोत बाबांच्या नव्या सायकलवर बसायचा प्रयत्न करते आहेस. आजारी बाई अशी नसते. मी पुन्हा पुन्हा साल वाचलं. नंबर तपासायचा माझा धंदाच आहे, पण त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

म्हणून तुला फोन केला. तू इतक्या सहज सांगितलंस, जसं काही भाजीचा भाव सांगावा. मावशीला मूल होत नव्हतं. तिने पदर पसरला. धाकटा अंगावर पिणारा, त्याला कसं देणार? आणि तू म्हणालीस, तू गुणाची पोर, तू कुरकुर केली नसतीस. आई, गुणाचं हे बक्षीस मला त्या दिवशी कळलं. मग मावशीला दिवस गेले, तिच्या घरात तिचं स्वतःचं आलं आणि उसनं आणलेलं भांडं घासून परत करावं तसं मला तुमच्याकडे पोचवलं. तेव्हा मी मावशीच्या गळ्याला मिठी मारून रडले होते, माझे हात सोडवावे लागले होते. तू दारातच म्हणालीस, स्वतःच्या घरी येताना कुणी रडतं का? तिच्या घरासाठी पुढे कितीतरी महिने मी उशीत तोंड खुपसून रडले, पण तेही गुपचूप. कुरकुर करायची नव्हती ना.

त्याच फोनवर शेवटी तू म्हणालीस, समुद्रावरच्या फोटोत तुला घाल, कॉम्प्युटरवर सगळं जमतं म्हणे, नाहीतर पाहुणे विचारतील थोरली कुठे होती. मी घातलं. मावशीच्या अंगणातला माझा फोटो मावसभावाने पाठवला होता, त्यातून स्वतःला कापून काढलं आणि तुझ्याशेजारी उभं केलं. सावली उलट्या बाजूला पडत होती. शिकवणाऱ्या मुलीने ती कशी फिरवायची ते दाखवलं, पायांवर थोडी वाळू ओढली. इतकं बेमालूम झालं की ती टाळ्या वाजवायला लागली. तुला पाठवला तेव्हा तू लगेच फोन केलास. म्हणालीस, बघ, किती छान, जणू तू तिथेच होतीस.

त्या वाक्यानंतर मी दोन दिवस दुकानात गेले नाही. मग बसले आणि तो फोटो काढून टाकला. समुद्रावरचा मूळ फोटो आहे तसा ठेवलाय, तुझा आणि धाकट्याचा. त्याच्यापुढे त्या वर्षांची माझी पानं लावली आहेत. मावशी माझी वेणी घालताना, मावशीच्या नवऱ्याच्या खांद्यावर मी, मावशीच्या पोटावर कान ठेवून मी. खाली दोनच ओळी लिहिल्यात: या वर्षांत थोरली मावशीची मुलगी होती. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. हे तू पंचाहत्तरीच्या समारंभात सगळ्या पाहुण्यांसमोर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा वाचू नयेस, म्हणून हे पत्र. तुला नको असेल तर धाकट्याला सांग, त्याला पानं काढता येतात. पण मग त्या दिवशी माझी वाट पाहू नकोस. पानं राहिली तर मी येईन, पहिल्या रांगेत तुझ्याशेजारी बसेन, तुझा हातही धरेन. कुणी काही विचारलं तर मी बोलणार नाही. उत्तर तू द्यायचं आहेस.

तुझीच,
थोरली