कॉलरवरचं नाव

२ मार्च, सकाळी ७
आजपासून नियमित रोजनिशी. लेकीने फोनवरूनच घरी येऊन देखभालीचं पाहणारी एक केअर मॅनेजर ठरवून टाकली, हिच्यासाठी. बरं झालं. बायको हल्ली फार विसरते. मी एकटा कुठे कुठे पुरा पडणार?

५ मार्च
मॅनेजर बाई आल्या. चुणचुणीत. बाथरूम पाहिलं, औषधांचा डबा उघडून पाहिला. हिला संकोच वाटू नये म्हणून सगळी उत्तरं मीच दिली. विसरभोळेपणा तपासायला म्हणून कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तेही मीच काढलं. बाईंनी लगेच फाइलला लावलं. छाप पडली असणार.

८ मार्च (ही म्हणते ११. असो.)
दुधाचं पातेलं जळून कोळसा. हिला चांगलं फैलावर घेतलं. म्हणते, मी तर दुकानात गेले होते. सबब तयारच! मग खिडक्या उघडत बसली.

१४ मार्च
संकल्प: रोज तासभर चालणे. आज पहिलाच दिवस आणि रस्ते सगळे बदलून ठेवलेले. चार तास झाले. शेवटी मॅनेजर बाईच गाडी घेऊन भेटल्या, योगायोगाने. मागच्या सीटवर ही. पायात चप्पल नाही, डोळे लाल. काय तो अवतार! बाईंना हळूच म्हटलं, पाहिलंत ना?

तारीख मागाहून टाकतो
दाराला वरच्या बाजूला नवं कुलूप. हिने भटकू नये म्हणून असणार. पण किल्ली हिच्याच गळ्यात! बाईंच्या कानावर घालायला हवं. आज घरात कसलीशी भीती वाटते आहे. हिच्यामुळेच.

२० मार्च
विसरणाऱ्यांना सांभाळणाऱ्या केंद्रात खोली मिळाली. परवा जायचं. प्रत्येक कपड्यावर नाव शिवायचं, असा तिथला नियम. जीव तुटतो, इतक्या वर्षांचा संसार. पण मन घट्ट केलं. हिला म्हटलं, मी रोज येईन भेटायला, एक दिवस चुकवणार नाही. ही ओंजळीत तोंड लपवून रडली. बहुधा आज तिला सगळं समजत होतं.

२२ मार्च, सकाळी ९
हिने बॅग भरली, तीही चुकीची. माझेच शर्ट, माझंच दाढीचं सामान. मी सगळं बाहेर काढलं. तिने परत घड्या घातल्या. मी एका शर्टाची कॉलर उलटून पाहिली. निळ्या दोऱ्याने माझं नाव, अगदी सुबक.

विचारलं, मग तुझे कपडे कुठेत? म्हणाली, अहो, मी रोज येईन. एक दिवस चुकवणार नाही.