तळ्यात सोडलेला रंग

दि. ४ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी भाची काल इस्पितळातून घरी यायची होती, आली नाही. ताप उतरतो नि पुन्हा चढतो. शेजारच्या खाटेवर तिच्याच वर्गातली मुलगी. दोघी शाळेतून आल्या की आपल्या पायऱ्यांवरून तळ्यात उड्या मारत. डॉक्टर म्हणाले, पाणीच बाधलं.

कुणामुळे, ते आंधळ्यालाही दिसेल! पलीकडच्या काठावर ते हॉटेल आलं आणि तळं नासलं. परवा सभेत ठणकावून विचारलं, की ज्यांच्या खिडक्यांना आपलं तळं शोभेला लागतं, त्यांची घाण आपल्या लेकरांनी का गिळायची? माणसं उठून उभी राहिली. पुरावा आणतो, असा शब्द देऊन बसलो आहे. सोबत पाण्याच्या बाटल्या पाठवतो. प्रयोगशाळेत नोकरी करतेस, तर एवढी भावाच्या उपयोगी पड. अहवाल लवकर हवा, शिक्क्यासह.

आई तुझी आठवण काढते. रागात लिहिलंय, माया कमी समजू नकोस.

दादा

दि. १० मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भाचीच्या काळजीने इथे हात चालत नाहीत. तरी बाटल्या आधी तपासल्या. पाण्यात संडासाची घाण आहे, भरपूर आहे. पण दादा, घाणीवर मालकाचं नाव नसतं. आणि बाटल्या भरल्यास कुठे? सगळ्या आपल्याच काठाला! आरोप हॉटेलवर आणि पंचनामा स्वतःच्या अंगणात, हे तुलाच जमतं.

सोबत रंगाची पूड पाठवते. तिने अपाय होत नाही. हॉटेलच्या संडासात टाकून वर भरपूर पाणी ओतायचं. त्यांची टाकी झिरपत असेल, तर तिथल्या काठाचं पाणी गुलाबी होईल. पूड वहिनीच्या हाती दे. तू आधी भाषण करशील. आणि तोवर एकाही मुलाला पाण्यात उतरू देऊ नका.

ओरडून का होईना, आठवण काढत जा.

धाकटी

दि. १८ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पोर घरी आली. पाय काडीसारखे झालेत, जिना चढताना धाप लागते.

पूड टाकली. मॅनेजरने स्वतः दार उघडून दिलं, खुशाल टाका म्हणाला. इतका साळसूदपणा कुठून येतो? पाणी रंगलं नाही. त्यांनी घाण दुसरीकडून काढली असणार, दुसरं काय! येत्या रविवारी फाटक अडवण्याचा ठराव आहे. तुझी वहिनी कुरकुरते, की गल्लीतल्या बायका तिथे चादरी धुतात, त्यांची कामं जातील. मी म्हटलं, पोरं आधी.

तुझ्या शास्त्रावर रागावलोय, तुझ्यावर नाही.

दादा

दि. २० मे

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते. थोडी पूड उरली होती. परवा भांडी घासता घासता मनात काय आलं कोण जाणे, ती आपल्याच संडासात ओतली. आज सकाळी आपल्या पायऱ्यांपाशी पाणी गुलाबी झालं होतं. हे तिथेच तोंड धुवत होते. मी पूड ओतल्याचं सांगितलं, तसा झोपेतही बडबडणाऱ्या माणसाने आवाज खाली आणला. मग म्हणाले, की रविवारपर्यंत कुणाला सांगू नकोस.

आपली टाकी मामंजींनी बांधलेली. आजवर कधी भरली नाही, उपसावी लागली नाही, याचं घरात केवढं कौतुक! गल्लीतल्या साऱ्या टाक्या त्यांच्याच हातच्या. माझं हे ऐकायचे नाहीत. तुम्ही लिहा.

तुमच्याच भरवशावर असलेली,
वहिनी

दि. २२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीवर चिडू नकोस. जी टाकी भरतच नाही, ती चांगली नसते रे, ती गळकी असते. बाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. तुला आता कळलंय. रविवारी गप्प बसलास, तर त्या फाटकापुढे तू खोटं बोलायला उभा असशील. ज्या आवाजात हॉटेलचं नाव घेतलंस, त्याच आवाजात आपल्या घराचं घे. सोबत गल्लीला पुरेल एवढी पूड आहे.

कडू बोलले. तरी आपलीच म्हण.

धाकटी

दि. २६ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रविवारी निघण्याआधी सभेत मी सांगितलं. आधी लोकांना वाटलं, हीही माझी भाषणाची एखादी तऱ्हा, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग अर्थ कळला. न्हाव्याने विचारलं, की हॉटेलवाल्याने तुला कधी फितवलं? शेजारचे काका म्हणाले, मेलेल्या बापाच्या कामाला नावं ठेवतोस, लाज वाटत नाही? पहिल्या रांगेतून आई उठली आणि घरी गेली. मी पूड पुढे धरली. कुणी हात लावला नाही. माझ्याच घोषणा देत सगळे फाटकाकडे गेले. चादरी धुणाऱ्या बायकांना मॅनेजरने कालपासून येऊ नका सांगितलंय.

काल मी आणि तुझ्या वहिनीने टाकी फोडली. भिंती भक्कम, एक वीट हलेना. तळ मात्र घातलेलाच नाही, खाली नुसती वाळू. आई खिडकीतून बघत होती. अजून बोललेली नाही.

संध्याकाळी पायऱ्यांवर गेलो, तर गल्लीतली पोरं उड्या मारत होती. इस्पितळातून परवाच सुटलेली ती मुलगीही त्यांच्यात. बाहेर या म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडलो. पोरं हसली. म्हणाली, काका, तुमचं भाषण संपलं की येतो.

रजा मिळाली तर ये. तुझ्या शब्दाची इथे गरज आहे. माझा आता कुणी मानत नाही.

दादा