ओटीचा खण

आबा, आज तुमच्यावर रागावून लिहितोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की हा राग कधीच निवायला हवा होता. पण आज संध्याकाळी नाट्यमंडळाच्या बैठकीत जे झालं त्यानं तो पुन्हा वर आला. हायस्कूलच्या जुन्या विद्यार्थ्यांचं हे मंडळ. मी त्या शाळेतून पाचवीतच बाहेर पडलो, तरी अक्षर बरं आणि शुद्धलेखन चुकत नाही म्हणून नाटकाच्या नकला उतरवायला आणि विंगेतून शब्द सांगायला त्यांनी मला ठेवलंय. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतोय, तीन नाटकं आहेत. पहिल्याच नाटकात नायिकेला नाच आहे, आणि ती नायिका यंदा आमच्या मंडळात प्रथमच एक बाई करणार होत्या. मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, दुधनीकडच्या, लहानपणीच नवरा गेलेल्या. तुम्ही नायिकेची कामं करायचात तेव्हाचं तुमचं चालणं त्यांना मीच शिकवलं. आधी चवडा, मग टाच. आणि पदर सावरायचा तो खांद्यानं, हात लावायचा नाही. "तुमच्या वडलांना हे कुणी शिकवलं हो?" त्यांनी विचारलं. आईकडं बघून शिकले, असं मी सांगितलं. त्या हसल्या. "मग आईचं चालणं म्हणा की! वडलांचं काय म्हणता सारखं?"

आज वकीलसाहेब, म्हणजे आमचे अध्यक्ष, बैठकीत बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आमच्या घरातून नकार आला आहे. विधवेची ओटी भरायची नाही म्हणतात." तुमच्या वेळची रीत अजून चालू आहे, आबा. हंगामाच्या पहिल्या प्रयोगाआधी अध्यक्षांच्या पत्नीनं रंगभूमीवर येऊन नायिकेची ओटी भरायची. बाई समोरच बसल्या होत्या. "मग नका भरू. मला कुठं पाहिजे ओटी? मला काम करू द्या की." "ओटीशिवाय पडदा कसा उघडायचा, बाई? गावातली निम्मी तिकिटं बायकांची. त्यांना अपशकुन वाटला तर हंगाम बसलाच." आणि ते माझ्याकडं वळले. "तू कर रे. सगळी नक्कल तुला पाठ आहे, चाल तर बापाचीच. बाईनं बाईचं काम केलं तर त्यात कला ती कसली?" कुणीतरी म्हणालं, "आणि मिशीचं काय?" "मिशी न्हावी नेतोय की!" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. माझ्या हातची नक्कल त्यांनी टेबलावर ठेवली, तिचे कोपरे जुळवले आणि छत्री घेऊन निघून गेल्या. मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो." घरी विचारायला कोण आहे, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

तेव्हापासून मला एकच प्रसंग दिसतोय. आई तापानं श्रावणात गेली. अग्नी मी दिला, म्हणून माझं डोकं भादरलं. तुमचे केस तसेच राहिले, कारण हंगाम जवळ आला होता आणि नाटक कंपनीच्या मालकांनी केसांना हात लावू नका असं बजावलं होतं. दिवाळी झाली. मी विंगेत उभा आहे, डोक्यावरचे केस अजून आखूडच आहेत. तुम्ही हिरवा शालू नेसून पाटावर बसला आहात. मालकीणबाई तुम्हाला कुंकू लावतात, तांदूळ, नारळ आणि खण ओटीत घालतात, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "अखंड सौभाग्यवती हो." तुम्ही लाजून मान खाली घालता. थिएटर टाळ्यांनी दणाणतं. बायको गेलेला माणूस सवाष्ण होऊन ओटी घेत होता, आबा, आणि अख्ख्या सोलापुरात कुणाला अपशकुन वाटला नाही. या बाईंचा नवरा त्यांना आठवतसुद्धा नाही, आणि त्यांचा विटाळ!

दरवर्षी तुमच्या ओटीच्या खणाची आई चोळी शिवायची. त्या वर्षी चोळी कुणाला शिवायची? तुम्ही स्वतः सुईदोरा घेऊन बसलात आणि मला दप्तर शिवलंत. "घे. लई टिकतंय हे." टिकलं, पण त्यानं मला वर्गात टिकू दिलं नाही. नटीचं दप्तर, नटीचं पोरगं. शाळेत जाणार नाही असं मी सांगितलं तेव्हा तुम्ही चुलीपुढं भाकरी भाजत होता, केसांचा अंबाडा घातलेला. "लोकं म्हणत्यात म्हणून शाळा सोडतोस व्हय? मला काय कमी म्हणत्यात?" मी म्हणालो, "तुमाला ओटी मिळती. मला नुसती नावं." तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. मग तव्यावरची भाकरी हातानं उलटलीत. तिसऱ्या अंकात रोज रडायचात, बायका पदर डोळ्याला लावायच्या. घरात आईसाठी एक वाक्य तुमच्याकडं नव्हतं. वाचता येत नव्हतं म्हणून तुमची सगळी भाषणं मीच तुम्हाला वाचून दाखवायचो, तेव्हा तुमच्याजवळ शब्द किती होते हे मला पक्कं माहीत आहे. ओटीचं ताट समोर आलं तेव्हा तुम्ही नको म्हणू शकला असता. तुम्ही गावाचे लाडके होता. तुमचा नकार त्यांनी ऐकला असता.

माझा कोण ऐकणार? तरी उद्या मी नाही म्हणणार आहे. काम बाईंनीच करावं, ओटी हवीच असेल तर तीही बाईंचीच भरावी, नाहीतर विंगेतून शब्द सांगायला दुसरा माणूस बघावा. त्यांना दुसरा सहज मिळेल. बाईंना पुन्हा बोलावतीलच असंही नाही.

हे पत्र तुमच्या त्या दप्तरात ठेवतोय. नकला अजून त्यातूनच नेतो. एक गोष्ट मात्र बाईंना मी कधी सांगणार नाही. वकीलसाहेबांनी "तू कर" म्हटलं तेव्हा टेबलाखाली माझा चवडा आधी टेकला, मग टाच. बाई अजून तिथंच बसल्या होत्या, आबा, आणि मला हो म्हणायचं होतं.