ताटातली अंगठी

नेस, लुईस बेट
६ नोव्हेंबर १९३४

ती. इशबेलताईस,
टॉर्किलचा सा. न. इकडे सगळं ठीक. मेंढ्या बऱ्या आहेत, छप्पर गळतंय. आमची ही, डोलिना, तापातून उठल्यापासून जरा गप्प असते, पण काम थांबवत नाही.

माझं डोकं मात्र फिरलंय. मला म्हाताऱ्याला चर्चच्या मंडळीनं डीकन निवडलं ते कळवलंच होतं. काम काय, तर रविवारी देवळाच्या दारात दानाच्या ताटापाशी उभं राहायचं आणि आभाळाकडे बघायचं. कोण काय टाकतो ते डीकनानं बघायचं नाही. मी नाही बघितलं. आणि परवा नंतर नाण्यांत निघाली लग्नाची अंगठी, सगळ्या बायकांची असते तशीच साधी.

आता ही दिली की पडली? पडली असती तर कुणी मागायला आलं असतं. दिली असेल तर कुणी, आणि का? विचारायची तर सोय नाही. पाळकांकडे गेलो. ते म्हणाले, आत्म्यांचं मी बघतो, पैशाअडक्याचं तुमचं तुम्ही बघा. काल आम्ही सहा डीकन बसलो, तर सहा जणांची सात मतं. शेवटी खजिनदार नॉर्मन म्हणाला, येत्या सोमवारी सोनाराला विकू आणि पैसे गरिबांच्या फंडात घालू. मला ते बोचतंय. उद्या कुणी बाई रडत आली तर? तू शहाणी आहेस, दोन ओळी लिही.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा टॉर्किल

स्टॉर्नोवे
९ नोव्हेंबर

चि. टॉर्किल यास ताईचे अ. आ.
पत्र वाचून हसावं की तुला बदडावं ते कळेना. आभाळाकडे ताटापाशी बघायला सांगितलंय, घरात नाही.

डोलिना काल बाजाराला आली होती. तिनं बजावलंय, सांगू नका. म्हणून सांगत नाही, फक्त विचारते. तापानं माणसाची बोटं बारीक होतात का? हातमोजा काढताना काय काय निसटतं? ताटात पडलं ते देवाचं, परत मागू नये, हे तिला कुणी शिकवलं? तिच्या बापानं, तोही डीकनच. शिवाय डीकनाची बायको ताटात हात घालताना दिसली असती, तर गावानं काय सोडलं असतं का?

रविवारपासून ती वाट बघतेय, तुझ्या लक्षात येतं का ते. सोमवार आलाच. डोकं चालव.

रागावले तरी तुझीच,
ताई

नेस
१३ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.
तुझं पत्र शनिवारी आलं. ती चहा ओतत होती. बोटावर नुसता पांढरा वण. इतके दिवस माझे डोळे कुठे होते, तेच कळत नाही. रविवारी व्यवहाराचं बोलायचं नाही, म्हणून गिळून बसलो.

सोमवारी सगळ्यांपुढे म्हटलं, सोनार देईल त्या किमतीला अंगठी मीच घेतो. नॉर्मननं विचारलं, या वयात दुसरं लग्न? म्हटलं, पहिलंच नीट करतोय. त्या पैशांपायी एक मेंढा गेला. जाऊ दे.

घरी येऊन अंगठी तिच्यापुढे ठेवली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "डीकनसाहेब, तुम्हाला बघायची मनाई होती ना?" मग आतून लोकरीचा धागा गुंडाळून तिनं ती घट्ट बसवली.

एक कोडं राहिलंच. त्या रविवारी अंगठीबरोबर तिनं नाणं टाकलं होतं की नाही? पण डीकनानं विचारायचं नाही.

अशीच कान उपटत राहा.
तुझा टॉर्किल