अल ऐनचं ग्रंथालय

जबल अली,
शनिवार, १८ एप्रिल १९९८

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. मी बरा आहे. तुमची कंबर आणि काकूंचा दमा, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. कंटेनरच्या सावलीत जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. पत्रावर या वेळी अल ऐन नाही, जबल अली आहे, दुबईचं बंदर. का ते सांगतो, जरा दम धरा.

तुम्ही तीन प्रश्न विचारले होते. कॉलेजचं ग्रंथालय केवढं आहे, प्रयोगशाळेत कोण शिकवतं, आणि मी वर्गात बसतो कुठे. त्यांची उत्तरं आणायला मी काल अल ऐनला गेलो.

हो, पहिल्यांदाच.

आम्हाला सुट्टी शुक्रवारची. आमचा ट्रेलर ड्रायव्हर गनीभाई, दापोलीचा, त्याच्या शेजारी बसून निघालो. वाटेत म्हणाला, "कॉलेज बघायला? आज जुम्मा, येड्या. पाखरू नसेल तिथे." मी ऐकलं नाही. मी कधी कुणाचं ऐकलंय.

गाव हिरवंगार आहे, सर. चौकाचौकात गोल बागा, एकीच्या मधोमध माणसापेक्षा मोठी कॉफीची किटली. खजुरांच्या बागेत मातीच्या भिंतींमधून पाटाचं पाणी जातं. चप्पल काढून पाय घालून बसलो. सारखं वाटत होतं, मागून कुणीतरी हाक मारेल. एका मल्याळी हॉटेलात शिरलो तर पोऱ्या म्हणाला, "एक आदमी?" आणि समोरची खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाला घेऊन गेला. अख्ख्या दिवसात माझं नाव कुणी घेतलं नाही.

विद्यापीठाचं फाटक बंद. नेपाळी रखवालदार होता.

"किसको मिलना है?"

"लायब्ररी देखना है."

"इधर पढ़ते हो?"

"हां."

"तो कार्ड दिखाओ, भाई."

मी फाटकाला लाथ घातली. तुम्ही मला ओळखताच. तो चिडला नाही. स्वतःची खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "बैठो, पानी पियो. आज किताब का भी छुट्टी है."

तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या. मी फाटकाबाहेर बसतो.

सर, मी कुठल्याही संध्याकाळच्या वर्गाला जात नाही. कंटेनर उतरवतो. माझी पत्रं गनीभाई अल ऐनच्या पोस्टात टाकायचा, म्हणून त्यांच्यावर तिथला शिक्का. पत्ता त्याच्या मेहुण्याच्या दुकानाचा. निघताना तुम्ही म्हणाला होतात, "पदवी घेऊन ये, मग बोलू." पहिलं खोटं लिहिलं तेव्हा वाटलं, तोवर कुठेतरी प्रवेश घेऊन टाकू, म्हणजे ते खोटं राहणार नाही. दीड वर्ष झालं.

दुसऱ्या वर्षाला मी त्या पोराचा दात पाडला, तेव्हाही तुम्ही एवढंच म्हणालात, "त्याची माफी माग आणि वर्गात येऊन बस." त्याने फळ्यावर काय लिहिलं होतं ते मी सांगितलं नाही. तुमच्या लेकीचं नाव होतं, शेजारी माझं. माफी मागायची सोडून मी कॉलेजच सोडलं. त्याची नाही मागितली, तुमची मागतो. एवढं लिहायला दोन पानं फाडली.

आता तुमच्या पत्राच्या तळाशी असलेल्या ओळी. "बेळगावचं स्थळ अपर्णाने परत पाठवलं. दौलतची परीक्षा मेमध्ये आहे, तोवर मला कुणी काही विचारू नका म्हणते." त्या वाचून मी गोदामात सगळ्यांना केळी वाटली. कशाबद्दल विचारलं तर सांगितलं नाही. रात्री पुन्हा वाचलं, तेव्हा 'परीक्षा' हा शब्द दिसला.

तिने थांबावं असं मला वाटतं. खूप वाटतं. तुम्हाला हे लिहिणं मला शोभत नाही, पण लिहिलं. फक्त नसलेल्या परीक्षेसाठी थांबू नये. हे पत्र तिलाच वाचायला द्या. तुम्ही सांगाल तर माझी बाजू सांभाळून सांगाल, तसं नको. मेमध्ये माझी कसलीही परीक्षा नाही. बेळगावला काय कळवायचं ते तिचं तिने ठरवावं.

आपला,
दौलत
द्वितीय वर्ष विज्ञान, अपूर्ण