फक्त घर मिळेपर्यंत

अरे,

रात्रपाळी करून झोपलायस, म्हणून उठवत नाही. मघाशी घर अगदी चिडीचूप होतं आणि कपाटाचं दार वाजायला लागलं. ठक, ठक, ठक. जाऊन बघते तर आपले दांडगोबा शेपूट हलवतायत! आणल्यापासून जो डॉबरमन अंग चोरून कोपऱ्यात बसायचा, तोच हा! लेक त्याला कुजबुजत गोष्ट वाचून दाखवत होती, पुस्तक उलटं धरून.

मग मला राहवलंच नाही. बेवारस कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या ताईंना फोन केला. म्हटलं, गोदामाच्या राखणीला कुत्रा हवाय म्हणून संध्याकाळी येणाऱ्या त्या माणसाला नाही म्हणून कळवा. "फक्त घर मिळेपर्यंत ठेवायचा," असं तू म्हणाला होतास ना? मिळालं घर. आपलंच. तुला न विचारता ठरवलं, हवं तर रागव. पण कामावरून आल्यावर बूट काढता काढता त्याच्याशी गप्पा कोण मारतं, ते मला ठाऊक आहे हं!

आम्ही तिघं ताईंकडे सही करायला निघालोय. दूध तापवून ठेवलंय, घेतलंस की झाकण लाव. आणि सोफ्यावर तंगड्या पसरू नकोस, आता तिथे वाटेकरी आहे.

लेक चपला घालून, त्याच्या गळ्यात हात टाकून दारात उभी आहे. मघापासून एकच विचारतेय:

"आई, याच्या आधीच्या घरातले लोक याला अजून हाका मारत असतील का गं?"